अकरा महिन्यांचा करार

आमच्या बेगमपुऱ्यातल्या घराची वरची खोली बरीच वर्षं परदेशी विद्यार्थ्यांकडं आहे. येमेनी झाले, सुदानी झाले, मधे थायलंडचा एक भिक्खू पाली शिकायला आला होता. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं चोवीस तासांच्या आत त्याच्या माहितीचा फॉर्म भरायचा असतो, हे मला आता झोपेतही सांगता येईल. पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, कुठून आला आणि इथून पुढं कुठं जाणार. तो शेवटचा रकाना मला नेहमीच आगाऊ वाटतो. पाहुण्याची बॅग अजून जिन्यात असते आणि त्याला विचारायचं, जाणार कुठं?

सध्या खोलीत आहे तो येमेनमधल्या हद्रमौतचा, मुकल्ला बंदरातला. रसायनशास्त्रात पीएच.डी. करतोय. मला खाला म्हणतो. गल्लीतल्या पोरांत राहून 'नक्को' आणि 'कैकू' इतकं सफाईनं बोलतो की भाजीवाली त्याला इथलाच समजून भाव सांगते. हे सुख वर्षातले साडेदहा-अकरा महिने. मग निवासी परवान्याची मुदत संपत येते आणि तो पुन्हा परदेशी होतो.

कपाटावरची निळी प्लॅस्टिकची फाईल खाली येते. तिच्यात काय नसतं! पासपोर्टच्या पानांच्या रंगीत प्रती, व्हिसा, गेल्या वर्षीचा निवासी परवाना, कॉलेजचं बोनाफाईड, फी भरल्याची पावती, गाइडचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, भाडेकरार, माझं आधार कार्ड आणि आमचं लाइट बिल. बिलावर नाव माझ्या सासऱ्यांचं. त्यांना जाऊन फार वर्षं झाली, पण मीटर नावावर करून घ्यायचा तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि माझे दोन दीर एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळं मुकल्ल्याचा एक मुलगा या पत्त्यावर खरोखर राहतो, याची ग्वाही दरवर्षी आमचे कैलासवासी सासरे देतात. हयातभर तहसील कचेरीत कारकून होते. अर्जात त्रुटी काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वरून बघत असतील तर खूश असतील.

२०१८ पासून परवाना वाढवायचं हे काम ऑनलाइन झालं. पूर्वी माणूस बाकड्यावर ताटकळायचा, आता घरी ताटकळतो, एवढा फरक. फोटो अमुक केबीच्या आत बसला पाहिजे, मागची भिंत पांढरी पाहिजे, पासपोर्टच्या पानाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. हे जमवता जमवता कोपऱ्यावरचा नेट कॅफेवाला अर्धा इमिग्रेशन वकील झाला आहे. त्रुटी निघाली की ईमेल येतो, तोही एका ओळीचा. ती ओळ आम्ही तिघं मिळून वाचतो आणि तिचे तीन अर्थ निघतात.

आणि एखादी त्रुटी अशी असतेच की प्रत्यक्ष जावं लागतं. असंच एका कार्यालयात मी त्याच्यासोबत गेले. टेबलावरचे गृहस्थ तिरसट मुळीच नव्हते. त्यांनी पासपोर्ट आणि पदवीचं प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवलं, नावाच्या ओळीखाली स्टीलची पट्टी लावली आणि एकेका अक्षरावर पेन टेकवत गेले. पेन थांबलं. "बाई, इथं मोहम्मद ओ नं आहे, तिथं यू नं. ह्यातला खरा कोण?"

"दोन्ही तोच आहे की."

"ते तुम्ही म्हणता. कागद म्हणत नाही."

अरबी माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं, मग बापाचं, मग आजोबाचं, मग घराण्याचं. आपल्याकडं मधे बाप येतोच, त्यांच्याकडं आजोबाही येतो. अर्जात रकाने मात्र दोनच. त्यातलं कुठलं कुठं बसवायचं हे प्रत्येक टप्प्यावर वेगळ्याच माणसानं ठरवलेलं, आणि त्या सगळ्यांच्या मर्जीचा हिशेब द्यायचा या पोरानं. नोटरीकडं प्रतिज्ञापत्र केलं. मजकूर असा, की वर नमूद केलेल्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. मी अर्थ सांगितल्यावर तो म्हणाला, "खाला, ये तो मेरेकू पैले से मालूम है." मग त्यानं सही केली, आणि पासपोर्टवरच्या सहीशी ती जुळते का हे नोटरीनं चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.

नावाबद्दल इतकी काटेकोर चौकशी या शहरात व्हावी, याची मला गंमत वाटते. त्याचीच नावं बघा: खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. आमच्या पोराच्या जुन्या परवान्यावर एक शहर आहे, नव्या बोनाफाईडवर दुसरं, आणि तिकडं पट्टी लावावी असं कुणाला वाटलं नाही. खडकीचं शहर ज्यानं केलं तो मलिक अंबर हबशी होता, इथिओपियाचा. पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला. १६१७ मध्ये त्याला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रुके या डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की अंबरची विक्री मोखा बंदरात झाली. मोखा म्हणजे येमेनच. तिथून बगदाद, तिथून दख्खन. पुढं निजामशाहीचा वजीर, आणि १६१० मध्ये हे शहर. त्याच्या हातात एकच कागद असू शकला असता, खरेदीखताचा.

हद्रमौतची माणसं तर नंतरही येत राहिली. हैदराबादच्या निजामाच्या फौजेत अरब शिपाई असत, त्यांतले बहुतेक तिकडचे. त्यांचे वंशज म्हणजे आपले चाऊस. औरंगाबाद, परभणी, नांदेडकडं या आडनावाची माणसं दुकान चालवतात, निवडणूक लढवतात, मराठी शाळेत मास्तर असतात. ती मूळची कुठली हे आता कुणी विचारत नाही. पण एकदा विचारलं गेलं होतं. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर हैदराबाद संस्थानातल्या अरबांची आणि पठाणांची धरपकड झाली, कित्येकांना छावण्यांत ठेवलं आणि परत पाठवायचं ठरलं. मग फाईल अडली. परत म्हणजे कुठं? कुणाचा आजा जहाजातून उतरलेला, कुणाचा जन्मच इथला, आई इथली, बायको इथली. हद्रमौत तेव्हा एडनच्या इंग्रज अंमलाखाली. त्यांनाही ही माणसं घ्यायची उत्सुकता नव्हती. काहींची रवानगी झालीही. बाकीच्यांच्या बाबतीत परका कोण हे ठरवता ठरवता इतका काळ गेला की ते राहून गेले. सरकारी दिरंगाईला मी आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत. तिनं कुणाचं घर वाचवल्याचं हे एक उदाहरण मात्र मान्य करावं लागतं.

आमच्या पोराला तेवढा काळच मिळत नाही. त्याची वर्षं साठत नाहीत. पाचव्या वर्षीही तो तितकाच नवा असतो, जितका पहिल्या वर्षी होता. प्रत्येक अर्जात पुन्हा पहिल्यापासून स्वतःची ओळख करून द्यायची. त्यात मधे त्याचा पासपोर्टच संपत आला. आणि त्याच्या देशाची अवस्था अशी: सप्टेंबर २०१४ मध्ये हुथी बंडखोरांनी राजधानी साना घेतलं, मार्च २०१५ पासून मोठं युद्ध पेटलं, सरकारनं एडनला बस्तान हलवलं. एका देशात दोन राजवटी, दोन शिक्के. इथं व्हिसा वाढवायला पासपोर्ट हवा, आणि पासपोर्ट नवा करायला देश हवा. त्या दिवसांत तो रात्री गच्चीवर जाऊन भावाशी बोलायचा. जन्माचा दाखला कुठल्या कचेरीत आहे, कचेरी उघडी आहे का, तिथला शिक्का कोण मानतं. बोलणं अरबीत, पण दाखल्यासाठी घातलेली हुज्जत कुठल्याही भाषेत कळते. दिल्लीहून नवा पासपोर्ट आला तेव्हा त्यानं गल्लीत पेढे वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की नंबर बदलला, म्हणजे सगळीकडं नवा नंबर कळवणं आलं.

माझा भाचा न्यू जर्सीत एच-वन बी व्हिसावर आहे. अमेरिकेत नोकरीवर मिळणाऱ्या दरवर्षीच्या ग्रीन कार्डांतली साधारणपणे सात टक्क्यांहून जास्त एका देशाला मिळत नाहीत, म्हणून भारतीयांची रांग कित्येक वर्षं लांबलेली. रांगेतला नंबर ठरवणाऱ्या त्याच्या प्रायॉरिटी डेटची चर्चा आमच्याकडं लग्नकार्यातही होते. सगळे हळहळतात: टॅक्स भरतो, घर घेतलं, मुली तिथं जन्मल्या, तरी बघा. तीच मंडळी आमच्या जिन्यात या मुलाला बघून मला बाजूला घेतात आणि विचारतात, "ह्याचे कागद नीट आहेत ना गं? उगाच आपल्याला लफडं नको."

सरकारनं विचारूच नये, असं मी म्हणणार नाही. विचारावं, माझ्या घरात कोण राहतं हे मलाही माहीत असायला हवं. पण उत्तर मिळाल्यावर प्रश्न मिटला पाहिजे, आणि इथं तो मिटत नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यानं, आपण परके नाही हे दाखवायची जबाबदारी त्या माणसावरच टाकली होती. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, जुने चार रद्द झाले, ही जबाबदारी तेवढी जागच्या जागी राहिली. पट्टी लावणाऱ्या त्या गृहस्थांचं तरी काय? उद्या काही निघालं तर सही कुणाची म्हणून त्यांनाच बोलावतील. शंका घेण्यात त्यांचं काही जात नाही. विश्वास टाकला तर नोकरी जाऊ शकते. अशा टेबलावर मीसुद्धा पट्टीच लावली असती.

परवाना आला, ईमेलवर. त्यानं प्रती काढल्या, एक मला दिली. परवाना वर्षाचा आणि आमचा भाडेकरार अकरा महिन्यांचा. अकराच का, हे विचारलं तर एजंटापासून वकिलापर्यंत सगळे पद्धत आहे म्हणतात. म्हणजे पुढच्या खेपेला करार आधी संपणार, आणि संपलेल्या करारावर राहणारा माणूस नेमका राहतो कुठं, अशी त्रुटी निघणार. शिवाय कॉलेजच्या पत्रात अभ्यासक्रम कधी पूर्ण होईल ती तारीख लागते. प्रबंध मार्चमध्ये देईन म्हणतो. मग तो रेफरींकडं जाणार, अहवाल येणार, मग व्हायव्हा. त्यानं गाइडना तारीख विचारली. ते म्हणाले, ती मला कळत असती तर माझे बाकीचे विद्यार्थी असे लटकले असते का? अंदाजे लिही, असं मी सुचवलं. पण तारीख हुकली तर आपण खोटं लिहिलं असं होईल, ही त्याची भीती.

तारखेचं पुढं बघू म्हणून आधी करारच नवा करायचा ठरवलं. भाडं तेच ठेवलं. पंखा बिघडला तर खर्च भाडेकरूचा, हे कलम मी नव्यानं घातलं, आणि त्यावर त्यानं मुद्रांकाचा कागद समोर ठेवून माझ्याशी अर्धा तास घासाघीस केली.