मधली सुट्टी

कडीच्या स्टीलच्या डब्याचं झाकण लावताना आधी हलकंसं ‘टक’ होतं, मग कडी बसते तेव्हा ‘खट्’. स्वयंपाकघरात हा आवाज दिवसातून कितीदा होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या हातातलं काम मात्र अजून क्षणभर थांबतं आणि तेवढ्यात तालुक्याच्या गावातल्या एका शाळेचा मागचा ओटा, दुपारचं तापलेलं ऊन, गवारीच्या भाजीचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा एकमेकांत मिसळलेला वास, सातवीतल्या मुलींचं गोल रिंगण, सगळं जसंच्या तसं समोर येऊन बसतं.

मी जवळ गेले की डबे बंद व्हायचे. चिडवणं नाही, ढकलणं नाही, वेणी ओढणं नाही. आधी त्यांच्यातल्या म्होरकीचा डबा बंद व्हायचा, मग तिच्या उजवीकडचा, मग त्याच्या पलीकडचा, असं करत करत तो आवाज सगळ्या रिंगणाला वळसा घालून यायचा आणि मग “आमचं झालं हं” म्हणत सगळ्या उठायच्या. झाकण लागता लागता आतली अर्धी पोळी मला दिसलेली असायची. तक्रार करायची तरी कशाची? बाईंना एकदा सांगून पाहिलं, “माझ्याशी कुणी बोलत नाही.” बाई वह्या तपासता तपासता हसल्या. “मग तू बोल की!”

मारलं तर वळ दाखवता येतो. याचा वळ कुठे दाखवायचा?

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की अमेरिकेत नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना मेंदूचा स्कॅन चालू असताना चेंडूफेकीचा एक साधा खेळ पडद्यावर खेळायला दिला आणि मध्येच त्यांच्याकडे चेंडू येणं बंद केलं. अंगाला लागलं-खुपलं की मेंदूचा जो एक भाग जागा होतो, तो तेव्हाही जागा झाला. २००३ सालची ही गोष्ट. वाचून, का कोण जाणे, बरं वाटलं. कुणीतरी वळ शोधला होता.

पण मला सांगायचंय ते तिच्याबद्दल, जिचा डबा सगळ्यांत आधी बंद व्हायचा. हुशार होती, अक्षर मोत्यासारखं. एका चैत्रात आईनं हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला मला तिच्या घरी पाठवलं. बाहेरच्या खोलीत वडील पेपर वाचत होते, आत आई ओट्याशी उभी होती. दोघांमध्ये फार तर दहा पावलांचं अंतर. आणि ती उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. “बाबांना विचार, चहा घेणार का,” आई म्हणाली. आईचा आवाज बाहेरच्या खोलीत स्वच्छ ऐकू आला होता, तरी वडिलांनी मान वर केली नाही. मग तिनं विचारलं, “आई विचारतेय, चहा घेणार का?” “सांग तिला, नको.” तिनं आत वळून सांगितलं, “नको म्हणतात.” पोस्टमन पत्र टाकतो तशा आवाजात. राग नाही, लाज नाही, रोजचंच काम. मला पाहिल्यावर मात्र तिचा चेहरा असा काही झाला, की मी बोलावणं सांगून तशीच पायऱ्या उतरले.

ओट्यावरच्या त्या रिंगणाचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, पुढे हळूहळू लागत गेला. मोठ्यांनी एकमेकांना शिक्षा कशी करायची असते, ते ती घरी रोज पाहत होती. घरी तो अबोला तिच्या अंगावरून ये-जा करायचा. शाळेत तो तिच्या हुकमात होता. कोणाशी बोलायचं, कोणाशी नाही, हे एकदाचं तिला ठरवता येत होतं. नॉर्वेतल्या बर्गेनचे डान ओल्वेयस १९७० च्या दशकापासून अशा मुलांच्या घरांकडे पाहत राहिले. मायेचा ओलावा कमी, मुलानं दांडगाई केली तर कुणी अडवत नाही आणि मोठे स्वतः धाक-मार यांवर चालणारे, असं काहीसं चित्र त्यांना दादागिरी करणाऱ्या मुलग्यांच्या घरात दिसलं. तिच्या घरी कुणी हात उगारत नसे. शांत घर म्हणून गल्लीत नाव होतं त्याचं! आणि तिच्या धाकट्या भावानं त्याच घरात वाढून कधी कुणाचं वाकडं केलं नाही, हेही खरंच. घराला सगळं चिकटवून मोकळं होता येत नाही.

माझ्या घरीही काही शिकवलं जात होतंच. वडिलांची बदलीची नोकरी, दर थोड्या वर्षांनी नवं गाव, आणि आईचं एकच पालुपद : आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाऊस आला की छत्री घेऊन ती फाटकाशी हजर, वर्गात कुणी काही म्हटलं की “जाऊ दे गं”. माया उदंड; पण समोरच्याला “का?” म्हणून विचारायचं असतं, हे त्या मायेत कुठे बसतच नव्हतं. ब्रिटनमधल्या डीटर वोल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर सोसणाऱ्या मुलांच्या घरात कठोर वागणुकीच्या जोडीनं अतिजपणूकही सापडली. हे वाचलं तेव्हा आईला सांगावंसं वाटलं नाही. काय सांगायचं? छत्री धरली म्हणून?

राहिल्या त्या रिंगणातल्या बाकीच्या. फिनलंडच्या क्रिस्टीना साल्मीवाली यांनी १९९६ मध्ये मांडून दाखवलं, की छळणारा आणि सोसणारा यांच्या भोवतीच्या वर्गाचाही त्यात वाटा असतो : कुणी साथ देतं, कुणी हसतं, कुणी नुसतं बघतं, आणि एखादंच मूल पुढे होतं. त्या मुलींपैकी एकीचाही माझ्यावर राग नव्हता. आपल्याही तोंडावर डबे बंद होतील, एवढीच धास्ती. एक जरी डबा उघडा राहिला असता, तरी माझी सातवी वेगळी गेली असती.

घरात रुसवेफुगवे होणारच; पण चहाचा निरोप मुलांच्या हाती पाठवू नका. आणि मूल शाळेतून आलं की डबा संपवलास का, हे आपण रोज विचारतो. माझी आईही विचारायची. कुणाबरोबर बसून खाल्लास, हेही विचारत जा.