दार उघडं, पण घर कुणाचं?

मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाबद्दल आधीच सॉरी! पण ही चूक मराठीतच कबूल करावीशी वाटली.

फेस्टची वेबसाइट माझ्याकडे होती. लॅबच्या लिनक्स सर्व्हरवर आपल्या सगळ्यांचीच अकाउंट्स. फोटो अपलोड करायला गेलं की 'परमिशन डिनाइड'! रात्रीचे दोन वाजलेले, सकाळी उद्घाटन. शेवटी वैतागून अख्ख्या फोल्डरला सीएचमॉड ७७७ मारलं. फोटो चढले, मी झोपले.

सकाळी साइटच्या पहिल्या पानावर कुणीतरी लिहून ठेवलेलं, 'आज मेसमध्ये पुरणपोळी'. सगळे हसले, मीसुद्धा. सर मात्र हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "रजिस्ट्रेशनची यादी पण त्याच फोल्डरमध्ये होती ना?"

माझ्या पोटात गोळा आला. त्या यादीत आमच्या हॉस्टेलच्या मुलींचे मोबाइल नंबर होते.

मग लॅबमधल्या एका सीनियर दादाने नीट समजावलं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. फोल्डरला तो १ म्हणजे आत शिरायची परवानगी. थोडक्यात, मी सगळ्यांनाच मालक करून टाकलं होतं.

आम्ही सगळं बदललं. मालक मी, ग्रुप वेब सर्व्हरचा. फोल्डर ७५०, फाइल ६४०. म्हणजे सर्व्हरने वाचावं, लिहू नये, बाकीच्यांना शून्य. फक्त फोटोंचा फोल्डर ७७०, आणि तिथे प्रोग्राम चालणं बंद. यादी वेबच्या फोल्डरमधून बाहेरच काढली.

मी म्हटलं, "दादा, आपल्या जिल्ह्यातल्या शनिशिंगणापूरला घरांना दारं नाहीत, तिथे चालतंच की!"

तो म्हणाला, "तिथे घर कुणाचं ते अख्ख्या गावाला ठाऊक असतं, वर शनिदेवाचा धाक. सर्व्हरला धाकही नाही अन् लाजही नाही, त्याला फक्त आकडे कळतात. आणि २०११ मध्ये यूको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली, तेव्हा रोकड काय टेबलावर मांडली होती?"

ती यादी कुणी उघडली का, मला आजही माहीत नाही. मी रूमवर जाऊन एकेकीला सांगितलं. दोघी अजून नीट बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, रात्री दोन वाजता ७७७ टाइप करायच्या आधी एकदा स्वतःला विचारा : ही फाइल कुणाची, आणि तिच्यात कुणाचं काय आहे?