बोटीवरची वीज

2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. तिथं धोक्याची पातळी 45 फूट. तेव्हापासून इस्लामपुरातल्या आम्हा पोरांच्या मनात होतं, की पुरात जाणाऱ्या बोटीवर आपला उजेड हवा आणि वॉकीटॉकी चार्ज व्हायला हवेत. जनरेटरचं काम माझ्याकडं आलं. विजेचं मला काहीच कळत नव्हतं.

बहे गावाजवळ नदीत सराव केला. जमिनीवर एका सुरात चालणारा पेट्रोलचा जनरेटर बोटीत चढवला की भूं-भूं करत वरखाली व्हायला लागला. हॅलोजन लावला की इंजिन दबायचं. मीटरवर 220 व्होल्ट दिसत होते, तरी यूपीएस ती वीज घेईना, नुसता पीं-पीं ओरडायचा. व्होल्टेज बरोबर, मग अडतंय कुठं? मी पार गोंधळून गेलो.

मोटारी रिवाइंडिंग करणारे मामा म्हणाले, "व्होल्टेज काय बघतोयस? हर्ट्झ बघ की." आमच्या दोन पोलांच्या जनरेटरनं मिनिटाला 3000 फेरे मारले तर 50 हर्ट्झ मिळतात. फेरे 2800 झाले की 47 सुद्धा उरत नाहीत. एव्हीआर व्होल्टेज सावरतं, पण फेरे गव्हर्नरच्या हातात. लोड पडल्यावर तो जागा होणार आणि मग थ्रॉटल गरजेपेक्षा जास्त उघडणार. त्यात बोट डुलली की कार्बुरेटरमधलं पेट्रोल हिंदकळतं. घरच्या विजेचं तसं नाही. कोयनेपासून चंद्रपूरपर्यंतची जनित्रं एका ठेक्यात फिरतात, त्यांना आपल्या एका मोटारीचा भार जाणवतही नाही. हे ऐकून मी थक्क झालो. रोज बटण दाबत होतो, पण त्यामागं एवढं सगळं एकत्र फिरतंय हे माहीतच नव्हतं.

मामांनी वाट काढली. जनरेटरनं फक्त चार्जर चालवायचा, चार्जरनं बॅटरी भरायची आणि बॅटरीवर साइनवेव्ह इन्व्हर्टर. इंजिन कितीही डगमगलं तरी बॅटरीत डीसीच जातो. 50 हर्ट्झ इन्व्हर्टर स्वतः बनवतो. हॅलोजन काढून 50 वॅटचा एलईडी लावला. 12 व्होल्ट 100 अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी वापरली तरी रात्र निघते. वजनदार असते, म्हणून ती मधोमध, तळाशी बांधली.

पुढच्या सरावात जनरेटर बंद ठेवला, तेव्हा पलीकडच्या काठावरची हाक स्पष्ट ऐकू आली. पुरात घराच्या माळ्यावरनं कुणी ओरडलं तर ते ऐकू यायलाच हवं. शिवाय माणसं भरलेल्या बोटीत पेट्रोल आणि धूर कशाला? आता जनरेटर काठावरच असतो. दोन बॅटऱ्या आहेत. एक बोटीत, दुसरी चार्जिंगला.