अंजनवेलची वाट आणि सामानाचे माप

दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली की धोपावे लागते आणि तिथून जवळच अंजनवेल. गोपाळगडाची तटबंदी, टाळकेश्वराचे देऊळ, दीपगृह आणि अथांग समुद्र! घरातील ज्येष्ठांना येथे अवश्य आणावे. मात्र तंबू, शेगडी, घडीच्या खुर्च्या यांसाठी मोठी गाडी किंवा मागे जोडगाडी ठरवण्यापूर्वी थोडे थांबा. माप सामानाचे नव्हे, आधी माणसाचे घ्या.

ज्येष्ठांना आसनावर बसवून पाहा. पाय मोकळे राहतात का? पायरी उंच तर नाही ना? उरलेल्या जागेत मावेल तेवढेच सामान न्यावे. पायांशी पिशव्या रचल्या की हालचाल खुंटते, पाय सुजतात. फार वेळ एकाच स्थितीत बसल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचाही धोका असतो. ज्येष्ठ मात्र संकोचाने ‘चालेल मला’ एवढेच म्हणतात. म्हणून दर तास-दीड तासाने त्यांना उतरवून चार पावले चालवावे.

औषधे, पाणी व काठी हाताशी ठेवावी. इन्सुलिन तापलेल्या डिकीत कधीही ठेवू नये. घडीची एक खुर्ची मात्र आवर्जून घ्या. टाळकेश्वराजवळ समुद्र पाहताना तिचे मोल कळेल.