दोन गिगाबाइटची वेस

कर्नलचा कोड तपासायला घेतला की माझी नजर आधी मेमरी मागणाऱ्या ओळींवर जाते. किती बाइट मागितले यापेक्षा तो आकडा आला कुठून, हे मी पाहतो. आकडा बाहेरून आलेला असेल, तर त्याला वेशीवर अडवणारी ओळ सापडेपर्यंत माझा होकार नसतो.

लिनक्समधलं केमॅलॉक हे मेमरी देणारं फंक्शन सलग भौतिक पानं देतं. एक्स८६वर पान ४ किलोबाइटचं, आणि सलग तुकडा बहुधा ४ मेगाबाइटपर्यंतच. त्याहून मोठी मागणी आपोआप फेटाळली जायची. व्हीमॅलॉक मात्र विखुरलेली पानं आभासी पत्त्यांवर सलग मांडतं; तिथे हा अडसर नाही.

२०१४ साली कर्नलमधल्या याद्या वाचायला देणाऱ्या सीक्वेन्स फाइलच्या कोडमध्ये सोय झाली : केमॅलॉकने नाही म्हटलं, तर व्हीमॅलॉककडे जा. पण फुकटात मिळणारं संरक्षणही त्या सोयीबरोबर गेलं. २०२१मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी त्याचा परिणाम दाखवला. एकात एक इतक्या डिरेक्टरी करायच्या की एकूण पाथ १ गिगाबाइटच्या पुढे जाईल. मग ती रचना माउंट करून पुसायची आणि माउंटची यादी वाचायची. बफर दुप्पट होत २ गिगाबाइटचा होतो. तो आकार पुढे ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात शिरला की ऋण होतो, आणि १० बाइट बफरच्या बरेच मागे, भलत्याच जागी लिहिले जातात. तेवढ्यावर साध्या वापरकर्त्याला रूट होता आलं.

यात मेमरी देणाऱ्याने चूक काहीच केली नव्हती. मागितली तेवढी दिली. पुढचं फंक्शन तो आकडा पेलू शकत नव्हतं. दुरुस्तीत त्या बफरला मर्यादा आली. पुढे त्याच वर्षी लिनक्सचा कर्ता लायनस टॉरव्हाल्ड्सने केव्हीमॅलॉकलाच, म्हणजे आधी केमॅलॉक आणि मग व्हीमॅलॉककडे जाणाऱ्या फंक्शनलाच, कुंपण घातलं : आकार २१४७४८३६४७ बाइटच्या वर गेला, तर नकार.

टेराबाइटांच्या सर्व्हरवर ही मर्यादा कंजूषपणाची वाटू शकते. पण ती मेमरी वाचवण्यासाठी नाहीच. कर्नलच्या कोट्यवधी ओळींत आकार अजूनही साध्या ‘इंट’मध्ये ठेवणारी फंक्शन्स किती, हे कुणी मोजून संपवणार नाही. ती सगळी शोधण्यापेक्षा त्यांना पेलणार नाही असा आकडा आतच न सोडणं शहाणपणाचं. खरंच मोठा तुकडा हवा असेल, तर थेट व्हीमॅलॉक मागावं. मग तो निर्णय कोडमध्ये उघड दिसतो, आणि तपासणाऱ्याला त्याचा जाब विचारता येतो.