बेगडेवाडी की ‘बेगदेवादी’?

पुणे-लोणावळा लोकल तुम्हाला माहीत असेलच. १९७८ पासून धावणारी, सकाळी कंपनीत सोडणारी आणि रविवारी भज्यांसाठी लोणावळ्याला नेणारी! देहूरोड गेलं, की एक छोटंसं स्टेशन येतं. हातातल्या मोबाइलमधून मान वर करेपर्यंत ते मागेही पडतं. बेगडेवाडी. डेक्कन क्वीन इथे ढुंकूनही बघत नाही. पण या वीकेंडला इथे उतराच. आणि उतरलात, की आधी पाट्या बघा.

हो, पाट्या! रेल्वेचा फंडा सोपा आहे. आधी राज्याची भाषा, मग हिंदी, मग इंग्रजी. महाराष्ट्रात गंमत अशी, की मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत. त्यामुळे बऱ्याच स्टेशनांची नावं आपण एकाच लिपीत दोनदा वाचतो. फरक कळतो तो ‘ळ’ आला की. लोणावळ्याचं हिंदीत ‘लोनावला’ होतं. उरली इंग्रजी. तिच्याकडे ‘ड’ आणि ‘द’ दोघांना मिळून एकच अक्षर. बाहेरून आलेला माणूस वाचणार ‘बेगदेवादी’. एखाद्या नव्या राजकीय पक्षाचा कार्यकर्ताच जणू!

मग पाटी नेमकी कुणासाठी? ज्याला गाव माहीत आहे त्याला पाटी लागतच नाही. ती लागते नवख्याला. आणि मावळात आता नवखे भरपूर. तळेगावच्या एमआयडीसीत देशभरातून आलेली पोरं काम करतात, जुन्या हायवेवर परराज्यांतले ट्रक धावतात. यातल्या अनेकांना देवनागरी येत नाही, काहींना इंग्रजीही नाही.

‘मग लावा की पाच भाषांत!’ असं तुम्ही म्हणाल. थांबा, बॉस. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. म्हणजे पाटीवरची एक जादा ओळ वाचायला एक सेकंद गेला, तर तेवढा रस्ता तुम्ही न बघताच कापलात. म्हणून तर रस्त्यावरच्या खुणांना आकार दिलेत. लाल कडेचा गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे धोका, निळा चौकोन म्हणजे माहिती. वळणाचं चित्र वाचायला शाळेत जावं लागत नाही.

भाषा वाढल्या की घोळही वाढतात. २००८ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात एक इंग्रजी पाटी वेल्श भाषेत करायची होती. मजकूर ईमेलने भाषांतरकाराकडे गेला. वेल्शमध्ये उत्तर आलं आणि ते जसंच्या तसं पाटीवर छापलं गेलं. त्यात लिहिलं होतं, ‘मी सध्या ऑफिसमध्ये नाही’! आपल्या सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये रोज येणारं ते ऑटो-रिप्लाय, थेट रस्त्यावर.

पण म्हणून दुसरी भाषा पुसून टाकायची? अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होतं. त्याला आक्षेप घेतला गेला आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात पोहोचलं. एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं, की २०२२ चा कायदा मराठी सक्तीची करतो, पण सोबत दुसरी भाषा लिहायला बंदी घालत नाही. मला हा हिशेब पटतो. मराठी पहिली आणि ठसठशीत हवीच, इथे तडजोड नाही. पण तिच्या खाली आणखी एक ओळ आली म्हणून तिचं काही कमी होत नाही. धोक्याची सूचना चित्रात, गावाचं नाव आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. दवाखाना, पोलीस, नगर परिषद अशा ठिकाणी, जिथे माणूस थांबून वाचतो, तिथे तिथल्या लोकांची आणखी एखादी भाषा. एवढं साधं आहे.

पटत नसेल तर जवळच्या घोरावडेश्वरच्या डोंगरावर चढा. पायऱ्या आहेत, वर महादेव आहे आणि कोरीव बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका ब्राह्मी शिलालेखात धेनुकाकट गावच्या शेतकऱ्याच्या बायकोने लेणं दान केल्याची नोंद आहे. तिने तेव्हाच्या लोकांच्या प्राकृतात, सगळ्यांना कळावं म्हणूनच ते कोरून घेतलं असणार. आज आपण त्यासमोर उभं राहून फोटो काढतो, वाचता मात्र येत नाही. आपल्याच मुलखात आपण नवखे! मराठी न येणाऱ्या माणसाला रोज कसं वाटत असेल, ते इथे चटकन कळतं.

कसं जाल : पुण्याहून लोणावळा लोकलने बेगडेवाडी किंवा पुढचं घोरावाडी. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, चांगले बूट घाला. आणि उतरल्यावर नाव नीट उच्चारा. ‘ड’ दोनदा आहे!