कुणाच्या मागून बोलायचं?

धारगळ, ता. पेडणे, गोवा

चि. बाय,


तू पाठवलेली यादी पाहिली. ॲप, पॉडकास्ट, यूट्यूबच्या वाहिन्या, कुणाकुणाच्या ड्राइव्हच्या लिंका. एवढं जमवायला जो वेळ गेला असेल, त्यात निदान एक संवाद तरी तोंडात बसला असता. रागावू नकोस. शॅडोइंग, म्हणजे ऐकता ऐकता मागून बोलण्याचा सराव, करायचं ठरवलेला जो तो आधी ऑडिओ गोळा करत सुटतो. फोन भरतो, तोंड बंद ते बंदच.

तुझं दुखणं कळलं. जपानीची एन-फोर पास, कांजी बऱ्यापैकी वाचता येते, पण सेन्सेईंनी वर्गात अचानक काही विचारलं की ‘हाय’च्या, म्हणजे ‘हो’च्या, पुढे गाडी सरकत नाही. यात तुझ्यापेक्षा परीक्षांचा दोष जास्त. तू दिलीस ती जेएलपीटी १९८४ पासून चालू आहे आणि तिच्यात बोलण्याचा भाग आजही नाही. कायगोसाठी, म्हणजे वृद्धांच्या सेवेच्या कामासाठी, तू ज्या ‘तोकुतेइ गिनो’ व्हिसाच्या मागे आहेस तो २०१९ च्या एप्रिलपासून निघाला, आपल्या सरकारचा जपानशी त्याबद्दलचा करार २०२१ च्या जानेवारीत झाला. त्यासाठीची जेएफटी-बेसिक काय आणि कायगोच्या भाषेची वेगळी परीक्षा काय, दोन्ही संगणकावर पर्याय निवडून द्यायच्या. मालकाची मुलाखत सोडली तर तोंडातून शब्द न काढता तू वृद्धाश्रमाच्या दारापर्यंत पोचू शकतेस. आतल्या आजीबाई मात्र चार पर्याय देऊन बोलत नाहीत.

म्हणून तुझी यादी बाजूला ठेवून आधी एकच विचारतो: तू कुणाशी बोलणार आहेस आणि कुणासारखी? याचं उत्तर दिलंस तर यादीतलं तीन चतुर्थांश आपोआप गळेल.

पुण्यात दुभाषाचं काम करायला लागलो तेव्हा शॅडोइंग मला शिकायचं तंत्र म्हणून ठाऊक नव्हतं, ती धंद्यातली कसरत होती. बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्धा-एक सेकंद अंतर राखून, त्याचीच भाषा त्याच्याच चालीत बोलत राहायचं. एकाच वेळी ऐकायचं आणि बोलायचं ही सवय लागावी म्हणून दुभाषांकडून हे करून घेतात. जपानी लोकांनी पुढे तेच इंग्रजी शिकण्यासाठी उचललं आणि मग परदेशी माणसाला जपानी शिकवण्यासाठीही. आमच्या वेळी ‘शिन निहोंगो नो किसो’च्या कॅसेट होत्या. टेप ओढली गेली की सेन्सेईंचा आवाज घोगरा व्हायचा आणि आम्ही तोही घोगरा काढायचो. हसतेस काय, खरंच. मागून बोलताना माणूस शब्दांबरोबर सगळंच उचलतो, श्वास कुठे घेतला ते, आवाज कुठे खाली सोडला ते, नको त्या लकबीसुद्धा.

आपल्याकडच्या दशावतारात हे तू पाहिलंयस. नटांच्या हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, आणि भाषणं रंगमंचावर उभं राहून करायची. नवा पोरगा ती शिकतो कुठून? जत्रेमागून जत्रा राजाचं काम करणाऱ्या जुन्या नटाला ऐकत, पडद्याआड ओठ हलवत. म्हणून पेडण्यातल्या एखाद्या तरुण राजाचं बोलणं ऐकलं की जाणता प्रेक्षक लगेच सांगतो, हा अमक्याच्या हाताखालचा. त्या पोरानं ज्याला ऐकलं, तोच त्याच्या गळ्यात बसला.

तुझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर ॲनिमे आहे. लहानपणी शिनचॅन हिंदीत बघून तू आईला काय काय बोलायचीस ते मला आठवतं. मूळ जपानीतही ते पोर तसंच आगाऊ आहे. ॲनिमेतली निम्मी पात्रं मित्रांशी, शत्रूंशी नाहीतर राक्षसांशी बोलतात. ती भाषा घोटलीस आणि नव्वदीच्या बाईंना आंघोळीला नेताना तोंडातून निसटली, तर त्या तक्रार करणार नाहीत, जपानी माणूस सहसा करत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या मुलीला हाक मारतील. ॲनिमे बघ, खुशाल बघ. मागून बोलू नकोस.

बाकी राहिलं त्यातलं सांगतो.

पहिलं पुस्तक कुरोशिओ प्रकाशनाचं, ‘शॅडोइंग : निहोंगो ओ हानासोओ’. २००६ साली आलं, सुरुवातीपासून मध्यम पातळीपर्यंतचं. याची खुबी अशी की संवाद अगदी तुटपुंजे आहेत, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, संपलं. वेग खऱ्या बोलण्याचा. वर्गात सेन्सेई आपल्यासाठी सावकाश बोलतात, त्या लाडातून हे पुस्तक बाहेर काढतं. पुण्यात तुमच्या वर्गात कुणाकडे तरी असेलच, नाहीतर ग्रंथालयात विचार.

दुसरं फुकट आहे आणि तुझ्यासाठी जास्त मोलाचं. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’, २०२० चं. पुस्तकाची पीडीएफ आणि सगळे आवाज उतरवून घेता येतात. हे मुळात जपानमध्ये काम करायला जाणाऱ्यांसाठीच लिहिलंय, त्यामुळे त्यात कचरा कुठल्या दिवशी टाकायचा, उशीर होतोय हे साहेबांना कसं कळवायचं, दवाखान्यात कुठे दुखतं ते कसं सांगायचं, असली कामाची बोलणी आहेत. संवादाखाली शॅडोइंग करा असं तेच सांगतात. तू ते ‘सोपं आहे’ म्हणून सोडून दिलंयस. वाचायला सोपं आहे, बाय. लावून बघ आणि त्या वेगानं बोलून दाखव.

एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी धडे हिंदीतून आहेत तेही तुझ्या यादीत दिसले. चांगले आहेत, पण दहा मिनिटांच्या धड्यात जपानी बोलणं थोडं आणि हिंदीतलं समजावणं फार. भाजी चिरताना ऐक. मागून बोलायचं तर मधला संवाद कापून वेगळा करावा लागेल, आणि कापाकापीत तुझा जीव रमतो हे माहीत असल्यामुळे मी सुचवणार नाही.

आता एक असं सांगतो जे कुणाच्याच यादीत सापडायचं नाही. रेडिओ ताइसो. रेडिओवर सकाळी साडेसहाला लागणारी कवायत. जपानमध्ये ती १९२८ पासून आहे, आज चालते ती पहिल्या क्रमांकाची कवायत १९५१ ची. पियानो वाजतो आणि एक आवाज सांगत जातो, हात वर, पाय फाकवून, कमरेत वाका, आता श्वास. सारा खेळ सव्वातीन मिनिटांत आटोपतो. तू ज्यांची सेवा करणार आहेस त्या बहुतेक आजी-आजोबांनी शाळेत ती केलेली असते, आणि वृद्धाश्रमांतून खुर्चीत बसवून आजही करवून घेतात. तो आवाज ऐक. हुकूम सोडत नाही, लाडीगोडीही लावत नाही, अंगाला कळेल असं स्वच्छ सांगतो. उद्या तुला हेच बोलायचंय: हात वर घ्या, थोडं पुढे वाका, हळूहळू. कवायत करत करत मागून बोललीस तर शरीराच्या अवयवांची नावं वेगळी पाठ करायची गरज पडणार नाही.

नुसतं ऐकायला म्हणून तेत्सुको कुरोयानागी. ‘तोत्तोचान’ तू शाळेत वाचलंस, तीच ती. १९७६ पासून टीव्हीवर पाहुण्यांना बोलावून गप्पा मारते, वय नव्वदीच्या पुढे. जुन्या तोक्योची, नीटनेटकी, आदरयुक्त भाषा तिच्या तोंडून ऐकावी. पण बाईंचा वेग असा की भले भले दुभाषे हात टेकतील. तिच्या मागे धावू नकोस.

कृत्रिम आवाजांबद्दल विचारलंस. हवा तो मजकूर टाका, यंत्र वाचून दाखवतं. मला ते शब्दाचा चढउतार तपासायला बरं वाटतं. ‘आमे’ म्हणजे पाऊस की गोळी, ‘हाशी’ म्हणजे पूल की जेवायच्या काड्या, हे सुरावर ठरतं आणि लिहिलेल्यात दिसत नाही. तोक्यो विद्यापीठाचा ‘ओजाड’ नावाचा कोश याच कामाचा आहे, वाक्य टाकलं की सुराची रेघ काढून देतो. पण संवादातला दुसरा माणूस जो मध्ये मध्ये ‘हाय’, ‘एए’, ‘सोओ देस ने’ करत हुंकार देतो, तो यंत्राला नाही साधत. जपानीत हुंकार देणारा नसेल तर बोलणारा थांबतो, त्याला वाटतं फोन कटला. तेव्हा संवाद घेशील तर ऐकणाऱ्याची बाजूसुद्धा मागून बोल. दुखणं सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसापुढे तुला वाक्यांपेक्षा हुंकारच जास्त लागणार आहेत.

आणि अर्थ आधी. १९५३ साली कॉलिन चेरी नावाच्या इंग्रज संशोधकानं लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एका कानातलं मागोमाग बोलायला लावलं. लोक बोलले, पण सपाट आवाजात, आणि काय बोललात असं विचारलं तर बऱ्याच जणांना धड सांगता येईना. तोंड चालतं म्हणजे डोकं चालतंच असं नाही. म्हणून संवाद घेतलास की आधी कागदावर वाच, प्रत्येक शब्द समजून घे, मग कागद बघत बोल, मग कागद उलटा घाल.

अर्थ न कळता बोलण्याचा एक जुना दाखला आपल्याच गोव्यातून गेलेला आहे. जपानातल्या कागोशिमाचा आंजिरो, हातून खून झाला म्हणून पोर्तुगीज जहाजावरून पळालेला. १५४७ मध्ये मलाक्क्यात त्याला फ्रान्सिस झेवियर भेटला तेव्हा हा माणूस कामापुरतं पोर्तुगीज बोलत होता, खलाशांत राहून उचललेलं. पुढच्या वर्षी जुन्या गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि सेंट पॉल कॉलेजात तो लिहा-वाचायला शिकला. १५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर, आंजिरो आणि बरोबरची मंडळी कागोशिमाला उतरली. झेवियरनं आंजिरोकडून धर्माचा मजकूर जपानीत करून घेतला, रोमन लिपीत उतरवला आणि तो रस्त्यात मोठ्यानं वाचू लागला. भाषा न कळता. लोक हसायचे. आम्ही इथे पुतळ्यांसारखे आहोत असं त्यानं स्वतःच पत्रात कळवलंय. त्याच जहाजातून गेलेला साधा ब्रदर, हुआन फर्नांडेस, मात्र लोकांत मिसळून इतकं जपानी बोलायला लागला की पुढे सगळ्यांच्या वतीनं तोच बोलायचा. जुन्या गोव्यात झेवियरच्या शवप्रदर्शनाला गर्दी संतासाठी होते. मी धंद्यानं दुभाषा असल्यामुळे मनातल्या मनात फर्नांडेसला नमस्कार करतो.

तुझ्या तोंडाबद्दल थोडं. ‘त्सु’साठी वर्गातल्या हिंदी मुली घाम गाळत असतील, तुला तो फुकट मिळालाय. ‘चूल’मधला आपला च म्हण, झालं. ‘त्सुमेताइ’ म्हणजे गार, पाणी गार आहे का हे तू रोज विचारणार. पण ऱ्हस्व-दीर्घात आपण मराठी माणसं बेफिकीर. लिहितो दीर्घ, बोलतो कसंही. जपानीत तिथे गफलत झाली की बाईंना ‘गोशुजिन’, म्हणजे यजमान, कसे आहेत असं विचारायला जाशील आणि तोंडातून ‘शूजिन’ निघेल, म्हणजे कैदी. काही बायकांना ते पटेलही. तरीसुद्धा दीर्घ स्वराला पूर्ण एक मात्रा दे, बोटानं मांडीवर ठोका धरून.

हॉस्टेलवर मोठ्यानं बोलायची लाज वाटते म्हणतेस. मी इथे कदंबच्या बसमध्ये बसल्या बसल्या करतो. धारगळहून निघालं की कोलवाळचा पूल येईपर्यंत एक संवाद पुन्हा पुन्हा. पूर्वी लोक वळून बघायचे. मोपाचा विमानतळ झाल्यापासून या रस्त्यावर जो तो कानात काहीतरी घालून हवेशी बोलत असतो, माझ्याकडे आता कुणी बघत नाही. पुण्यात तर तुला त्याहून बरं. चालताना कर, पाय आणि जीभ एका ठेक्यात येतात.

या आठवड्यात इरोदोरीतला फक्त एक संवाद. दवाखान्याचा घे. रविवारी रात्री व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड करून पाठव, तीस सेकंदांचं. मोठं पाठवलंस तर ऐकणार नाही. नवी लिंक पाठवलीस तर उत्तरही देणार नाही.

आई-बाबांना नमस्कार सांग. चतुर्थीची तिकिटं आत्ताच काढ, मागाहून मिळत नाहीत.

तुझा
मामा

ता. क. : इयरफोन एकाच कानात घाल. दुसरा कान स्वतःला ऐकायला मोकळा ठेव, नाहीतर आपण हुबेहूब बोलतोय असंच वाटत राहतं.